साक्षीदार की संशयित?

पतसंस्थेच्या रोकडीत तीन लाखांवर तूट निघाली. व्यवस्थापकांनी पोलिसांत तक्रार दिली आणि रोखपाल म्हणून पहिला फोन मला आला. “उद्या अकराला स्टेशनला या, थोडी चौकशी करायचीय.” बोलणाऱ्यानं आडनाव सांगितलं, हुद्दा सांगितला नाही. गुन्हा दाखल झालाय की अजून नुसता अर्जच आहे, तेही नाही. विचारलं तर म्हणाला, “आल्यावर कळेल की.”

कृष्णाकाठच्या आमच्या गावात शहाण्यानं पोलीस स्टेशनची पायरी चढू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यात २०१७ साली सांगलीत कोठडीतल्या एका तरुणाचा मारहाणीत जीव गेला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. ती बातमी इकडं कुणी विसरलेलं नाही. फोनचं ऐकूनच ह्यांचा चेहरा उतरला. दीर म्हणाले, “ओळखीनं जाऊ, आमदारांच्या पीएला सांगू.” सासूबाई म्हणाल्या, “खरं ते सांगून मोकळी हो, आपण काही केलं नाही तर भ्यायचं कशाला?” दोघांनीही प्रेमापोटीच सांगितलं. मी मात्र संध्याकाळी तालुका कोर्टाच्या आवारात गेले. आमच्या बचत गटाच्या कार्यक्रमात विधी सेवा समितीच्या एक बाई सांगून गेल्या होत्या, की बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेलं कुणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. आणि त्यासाठी कोर्टात केस उभी राहायची वाट बघावी लागत नाही. पोलिसांनी नुसतं चौकशीला बोलावलं तरी वकील मागता येतो. कोर्टापर्यंत जाणं जमणार नसेल तर १५१०० हा नंबर फिरवायचा.

मला मिळालेल्या वकीलबाई वयानं माझ्याहून लहान. माझं सगळं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला कशासाठी बोलावलंय? साक्षीदार म्हणून, की संशयित म्हणून?”

मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, “तुम्हालाच नाही, निम्म्या लोकांना येत नाही. आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं.”

मग त्यांनी समजावलं. तपास करणारा अधिकारी माहितगार माणसाला साक्षीदार म्हणून बोलावू शकतो, पण त्यासाठी लेखी आदेश लागतो, तोंडी फोन नव्हे. आणि ते माणूस स्त्री असेल, पंधराच्या आतलं किंवा साठीच्या वरचं असेल, अपंग किंवा फार आजारी असेल, तर पोलिसांनी त्याच्या राहत्या घरी यायचं. त्याला स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं हे १७९ वं कलम. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही आली, कलमांचे आकडे बदलले, पण या बाबतीत मूळ तरतूद जुनीच आहे. संशयित असाल तर गोष्ट वेगळी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठून अटक करायची नसते. अटकेची गरज का, ते लिहून ठेवावं लागतं. गरज नसेल तर कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस द्यायची. नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहत असेल तर लेखी कारणाशिवाय त्याला अटक करता येत नाही. २०१४ च्या अर्णेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे फार कडक शब्दांत बजावलं होतं. तिसरी अवस्था अटकेची. तिचे हक्क आणखी वेगळे.

“आणि ‘थोडी चौकशी’ ही कुठली अवस्था?” मी विचारलं.

“कुठलीच नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच ती वापरतात.”

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर गुन्ह्यांच्या प्रती बघायला मिळतात. तिथं आमच्या संस्थेचा गुन्हा सापडला. आरोपीच्या रकान्यात ‘संस्थेचे संबंधित कर्मचारी’ आणि कलम न्याय संहितेचं ३१६, पोटकलम ४, म्हणजे नोकरानं केलेला विश्वासघात. शिक्षा सात वर्षांपर्यंत. वकीलबाईंनी तिथंच बसून माझ्याकडून अर्ज लिहून घेतला: मी तपासाला पूर्ण सहकार्य करायला तयार आहे, मला कोणत्या नात्यानं बोलावलं आहे ते लेखी कळवावं. दुसऱ्या दिवशी हा अर्ज ठाणे अंमलदाराकडं दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ती पोच मिळवायलाच निम्मा दिवस गेला. पण पुढं जे काही नीट झालं ते त्या शिक्क्यामुळं झालं असं माझं ठाम मत आहे. स्टेशनातल्या माणसाला कळलं, की या बाईचं येणं-जाणं कागदावर राहणार आहे.

नोटीस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. अशी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेलं आहे. तरी वकीलबाईंनी अडून बसू दिलं नाही. “मिळाली, कागदावर द्या, मी येते,” एवढंच उत्तर पाठवायला लावलं. मग शिपाई घरी येऊन नोटीस देऊन गेला. कलम ३५. म्हणजे मी संशयित. शब्द वाचून पोटात गोळा आला. पण निदान मी कुठं उभी आहे ते कळलं होतं.

चौकशी फौजदारांच्या खोलीत झाली. फौजदार तरुण, बोलायला नीट. एक महिला पोलीस शेजारी बसवली होती. वकीलबाई माझ्याबरोबर आत आल्या तेव्हा मात्र ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही बाहेर बसा, कायद्यात चौकशीला वकील अटकेनंतरच आहे.” शब्दांवर जायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं, कलम ३८ अटक झालेल्या माणसाबद्दलच बोलतं आणि तिथंही वकील पूर्ण वेळ बसेल असं म्हणत नाही. वकीलबाईंनी वाद घातला नाही. दरवाजा उघडा ठेवायचा, मला त्या दिसतील अशा बाकावर त्या बसतील, आणि मला सल्ला हवा असेल तेव्हा बाहेर येऊन बोलता येईल, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं. वकील दिसेल पण त्याला ऐकू येणार नाही, असं अंतर ठेवून चौकशी करायला कोर्टांनीच अनेक प्रकरणांत सांगितलं आहे. दाराबाहेरच्या त्या बाकाचा मला केवढा आधार होता, ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न सुरुवातीला साधे होते. रोजकिर्द कोण लिहितं, दिवसअखेर शिल्लक कोण मोजतं, तिजोरीच्या किल्ल्या किती. तिजोरीला दोन किल्ल्या, एक माझ्याकडं, एक व्यवस्थापकांकडं, आणि दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही. पिग्मीचा भरणा किती वाजता येतो, व्हाऊचरवर सह्या कुणाच्या. हे सगळं मी खरं आणि सविस्तर सांगितलं. सांगायलाच हवं, पोलिसांनी विचारलेल्याचं खरं उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. फक्त ज्या उत्तरानं आपल्यावरच गुन्ह्याचा आरोप येऊ शकतो, ते उत्तर द्यायचं बंधन नाही. हे कलम १८० मध्ये आहे आणि त्याच्या मुळाशी घटनेचं कलम २०, पोटकलम ३ आहे: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही.

मग सूर बदलला. “याआधीही पैसे फिरवलेत ना तुम्ही? दोन दिवस वापरायचे, मग भरायचे, सगळेच रोखपाल करतात. तेवढं कबूल केलंत तर मी तुम्हाला यातून काढतो.” मी म्हणाले, “साहेब, या प्रश्नाचं उत्तर मी वकिलांशी बोलून देईन.” ते म्हणाले, “लपवायचं काही नसेल तर वकील कशाला?” खोली गप्प झाली. त्या गप्प खोलीत काहीतरी बोलावं, समजावून सांगावं, स्वतःचा चांगुलपणा पटवून द्यावा, अशी इतकी ओढ लागते की सांगता येत नाही. आपल्या घरात, शाळेत, सगळीकडं गप्प बसणारा तो चोर असंच शिकवलेलं. मी बाकाकडं बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

परदेशी चित्रपटांत पोलीस आधी सांगतो, की तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे. आपल्याकडं जबाब घेणाऱ्या पोलिसानं तसं बजावलंच पाहिजे असं कलम नाही. मॅजिस्ट्रेटपुढं कबुली द्यायला नेलं तर मात्र मॅजिस्ट्रेटला आधी सांगावं लागतं, की कबुली द्यायचं तुमच्यावर बंधन नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. म्हणजे जिथं भीती कमी तिथं सूचना आहे आणि जिथं भीती जास्त तिथं नाही. ही मला फार मोठी उणीव वाटते. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गप्प राहण्याचा हक्क फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यात नाही, पोलीस चौकशीपासूनच सुरू होतो. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांना स्टेशनला बोलावून लेखी प्रश्नांची यादी पुढं ठेवली होती. एका बाईला असं स्टेशनला बोलावणंसुद्धा न्यायालयाला खटकलं होतं. माजी मुख्यमंत्र्यांना दिल्लीपर्यंत जाऊन जे मिळवावं लागलं, ते आमच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या माणसाला कुणी सांगायचं?

सगळ्यात ओढाताण झाली ती सहीवरून. फौजदारांनी संगणकावर टाईप केलेला जबाब काढला आणि म्हणाले, “वाचा आणि सही करा.” मी वाचला. बहुतेक बरोबर होता. पण ‘किल्ली माझ्या ताब्यात असे’ असं लिहिलं होतं, आणि दुसऱ्या किल्लीचा उल्लेखच नव्हता. मी ते सांगितलं, त्यांनी दुरुस्त केलं. मग मी म्हणाले, “तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नसते ना, साहेब? १८१ कलम.” ते हसले, “सगळे करतात, ताई.” हे खरं आहे, सगळे करतात. पण कायदा साफ आहे: पोलिसांनी लिहून घेतलेल्या अशा जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नाही. नोटीस मिळाल्याची सही वेगळी, जप्ती पंचनाम्याची वेगळी. त्या वाचून करायच्या. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला, थोडा वेळ गेला, आणि सहीविनाच कागद फाइलला लागला.

हस्ताक्षराचे नमुने मागितले तेव्हा मला वाटलं, इथंही नाही म्हणता येईल. वकीलबाईंनी थांबवलं. मुंबई राज्याच्याच एका खटल्यात, काथी कालू ओघड यांच्या, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं आहे, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षर देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. फक्त नमुन्यासाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश आणा, एवढं म्हणता येतं. तो आदेश आला आणि मी नमुने दिले. हक्क कुठं संपतो तेही माहीत असावं लागतं, नाहीतर माणूस नको तिथं अडतो.

हे सगळं मला जमलं, कारण माझ्या मागं एक माणूस बाकावर बसलं होतं. आमच्या संस्थेच्या शिपायांच्या मागं कुणी नव्हतं. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. एका रात्री त्यांची बायको आमच्या दारात आली. “सकाळी नेलंय वो, अजून सोडलं नाही. फोन बी काढून घेतलाय.” वकीलबाईंना फोन केला, त्या तशाच निघाल्या, हे त्यांना घेऊन गेले.

स्टेशनात उत्तर मिळालं, “अटक कुठं केलीय? नुसतं बसवून ठेवलंय.”

महाराष्ट्रात कुठल्याही स्टेशनात हे वाक्य ऐकायला मिळेल. स्टेशन डायरीत नोंद नाही, अटकेचा कागद नाही, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याच्या चोवीस तासांचा हिशेब सुरूच होत नाही. रात्रभर बसवलेला माणूस कागदोपत्री त्या इमारतीत नसतोच. मारहाण होते ती बहुतेक याच वेळात. उद्या अटक दाखवली तर तिची वेळ उद्याची लागते. पण १९९० मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं आहे, की माणसाला जाण्यायेण्याला अटकाव केला त्या क्षणी अटक सुरू होते, पोलीस कागदावर काय वेळ लिहितात त्यावर नाही. वकीलबाईंनी तेच तोंडी सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं: अमुक वाजल्यापासून हे गृहस्थ तुमच्या ताब्यात आहेत. अटक असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे नातेवाइकाला कळवा, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही घ्या, वैद्यकीय तपासणी करा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या. नसेल तर आत्ता सोडा. हा अर्ज सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर ठेवणार आहे. त्यावर पोच मागितल्यावर तात्या बाहेर आले.

अंगावर वळ नव्हते, पण ते थरथरत होते. त्यांनी कसल्यातरी कागदावर सही केली होती, काय लिहिलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही; नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ते स्पष्ट आहे. त्यातही एक वाट ठेवलेली आहे: कोठडीतल्या आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढं बोलणं पुराव्यात येतं. म्हणूनच ‘कुठं ठेवलंस ते दाखव’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वकीलबाईंनी तात्यांच्या नावानं पोलीस अधीक्षकांना आणि मॅजिस्ट्रेटना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला, की सही दबावाखाली घेतली आहे. तो अर्ज त्याच आठवड्यात जाणं महत्त्वाचं होतं. सहा महिन्यांनी आठवलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

मधल्या काळात निरोपही येत होते. ‘सगळ्यांनी मिळून भरून टाका, मिटवून टाकू.’ भरले असते तर तीच कबुली ठरली असती. आम्ही भरले नाहीत.

सहकार खात्याच्या लेखापरीक्षणात जुन्या तारखांची बनावट कर्ज-व्हाऊचरं निघाली आणि अटक झाली ती तक्रार देणाऱ्या व्यवस्थापकांनाच. गावात आनंद झाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं तेव्हा कळलं, की अटकेची कारणं लिहिलेला कागद पोलिसांनी त्यांच्या हातात कोर्टाच्या व्हरांड्यात ठेवला होता. मिहिर शाह प्रकरणात, म्हणजे वरळीच्या त्या गाडीच्या अपघाताच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवलं, की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल त्या भाषेत द्यायची, आणि आधी जमलं नाही तर निदान मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याआधी दोन तास. मॅजिस्ट्रेटनी व्यवस्थापकांना सोडलं. पोलिसांनी मग कारणं रीतसर देऊन पुन्हा अर्ज केला आणि कोठडी मिळवली. मधल्या वेळात गावभर बोभाटा, ‘पैसेवाला सुटला’. दीर चिडून म्हणाले, “ह्यानं तुला अडकवलं होतं, आणि ह्याला कसले हक्क?” मी त्यांना सांगितलं, भाऊजी, मी त्या खोलीत बसले तेव्हा गावाच्या लेखी मीच चोर होते. हक्क चांगल्या माणसाला द्यायचे असं ठरवलं, तर चांगलं कोण ते आधी पोलीस ठरवणार. व्यवस्थापकांनी केलं की नाही, ते कोर्ट बघेल.

त्यानंतर माझा जबाब पुन्हा झाला, आता साक्षीदार म्हणून. तो घ्यायला महिला पोलीस हवालदार घरी आल्या, सासूबाईंनी चहा केला. जबाबावर सही मागितली नाही.

तात्यांचं मात्र अजून मिटलेलं नाही. त्या दिवशी त्यांना किती वेळ बसवलं हे सिद्ध करायला स्टेशनातलं चित्रीकरण हवं. डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, येण्याजाण्याच्या वाटा, व्हरांडे, कोठड्या, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडं. आणि चित्रीकरण १८ महिने, अगदी अडचण असली तरी वर्षभर जपायला. माहिती अधिकारात मागितल्यावर उत्तर आलं, ‘सदर कालावधीत यंत्रणा नादुरुस्त होती.’ बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आहे, त्या आदेशाची प्रत जोडून आम्ही पहिलं अपील केलं आहे, आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडं तात्यांची तक्रार वेगळी गेली आहे. तात्या आधी नको म्हणत होते. “जाऊ दे ताई, सुटलो ना.” त्यांच्या बायकोनं अंगठा उठवला आणि त्यांच्यापुढं कागद सरकवला. सुनावणीची तारीख लागली की आम्ही चौघं जाणार आहोत.